डाव्या हाताची फुलं

घरमालकीण बिडवेलबाईंनी सकाळी मक्याच्या पावाच्या वड्या ज्या तबकावर मांडून आणल्या, ते तबक लोव्हिसा ट्रेडवेनं एकोणीस वर्षांपूर्वी मुद्दाम नासवलं होतं. कोपरे कापलेलं, काळंभोर, काठाला कुंचल्याच्या पिवळ्या फटकाऱ्यांची वेल आणि मधोमध तीन लाल फुलं. प्रत्येक फुलाला एक पाकळी कमी. ती पाकळी तिनं रागानं गाळली होती. पुढे कुठंही दिसलं तरी आपल्याला ओळखता यावं, म्हणून. दोन हिवाळे गेले की या फुलांचे पापुद्रे निघायला हवे होते, तिसऱ्या वर्षी नुसता काळा पत्रा उरायला हवा होता, आणि तो घेऊन कुणीतरी बाई फेरीवाल्याच्या गाडीपुढे उभी राहून ट्रेडवेंच्या सात पिढ्या काढायला हवी होती. त्याऐवजी फुलं तिच्यासमोर बसली होती, कालच भट्टीतून काढल्यासारखी ताजी. तिनं वडी उचलली आणि तशीच हातात धरून ठेवली. "आमचं लाकडी तडकलं म्हणून मर्विनबाईंनी हे दिलं," बिडवेलबाई म्हणाल्या. मर्विनबाई म्हणजे वरच्या खोलीत गेल्याच आठवड्यात राहायला आलेल्या विधवा. त्या कौतुकानं पुढे वाकल्या. "माझ्या लग्नाच्या वर्षी यांनी फेरीवाल्याकडून घेतलं. रोजचं वापरातलं आहे, पण टवका म्हणून उडालेला नाही. जुन्या लोकांचं काम आहे ते." लोव्हिसानं विचारलं, "गरम भांडं नसाल ठेवत त्याच्यावर." "ठेवते की. उकळती किटली ठेवते. काही होत नाही त्याला." लोव्हिसानं वडीचा तुकडा तोंडात टाकला आणि मका घशात अडकला. बिडवेलबाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि सफरचंदाच्या सायडरचा पेला पुढे सरकवला.

खुर्च्यांच्या कारखान्याकडे जाताना नदीवरून बोचरा वारा येत होता, पण तिचे कान आतूनच तापले होते. हार्टफर्डला आल्यापासून ती ज्या ज्या घरात गेली, त्या त्या घरातल्या स्वयंपाकघराकडे तिची नजर आधी गेली होती. यजमानीण हवापाण्याचं बोलत असायची आणि ही फडताळावरचे डबे, कॉफीची भांडी, तबकं चाळत असायची. कुठं पापुद्रा सुटलाय, कुठं पाकळी गळलीय. एक बोडकं तबक तिला हवं होतं. एकच. ते दिसलं असतं तर तिनं त्या बाईचे हात धरून विचारलं असतं की तुम्ही चिडलात ना, शिव्या दिल्यात ना, कुणाला दिल्यात. एकोणीस वर्षांत असं एकही तबक दिसलं नाही, तेव्हा तिनं स्वतःची समजूत घातली होती की तो माल लांब गेला, दक्षिणेकडे गेला, तिकडच्या स्वयंपाकघरांत तो केव्हाच बोडका झाला असेल. या समजुतीवर ती जगली होती असं म्हटलं तरी चालेल. माणसं कशाकशावर जगतात. कुणी नवऱ्यावर, कुणी देवावर, तिनं डूख धरला होता आणि तो तिला पुरला होता. आज कळलं की डूख होता, पण दात पडलेलेच होते. रंग धरू नये म्हणून फासलेली चरबी कमी पडली असेल. फडकं नीट फिरलं नसेल. म्हणजे आपण द्वेषातसुद्धा कच्च्या निघालो. तिला स्वतःची इतकी किळस आली की ती रस्त्यातच थांबली, आणि मागून येणारा दूधवाला तिला वळसा घालून पुढे गेला.

कारखान्यात तिच्या टेबलावर कातरलेल्या कागदाचे छापे रचलेले होते. खुर्चीच्या पाठीवर छापा ठेवायचा, मखमलीच्या चिंधीनं सोनेरी भुकटी घासायची, छापा उचलायचा; खाली फळांची परडी तयार. प्रत्येक परडी हुबेहूब दुसरीसारखी. या कामात हात डावा आहे की उजवा, म्हातारा आहे की तरणा, रागावलेला आहे की रडवेला, काही उमटत नाही. तिला पहिल्या वर्षी ते फार बरं वाटलं होतं. ज्या हातावरून घरात एवढं रामायण घडलं तो हात इथं कुणी विचारीत नव्हतं. लहानपणी शाळेतल्या मास्तरांनी तिचा डावा हात पोलक्याच्या बंदानं पाठीशी बांधला होता, आणि ती तशीच, हात बांधलेलीच, स्लेट हिलच्या चढावरून रडत घरी आली होती. बाबांनी, पत्र्याची भांडी करणाऱ्या अमासा ट्रेडवेंनी, हातोडी खाली ठेवून गाठ सोडली. म्हणाले, "पत्र्याला काय कळतंय, कुठला हात ते." मग तिला खिडकीजवळच्या बाकावर बसवून कुंचला दिला. घरात बाकी सगळे उजवे. उजव्या हाताचा फटकारा एका अंगाला झुकतो, तिचा दुसऱ्या अंगाला झुकायचा. कुंचला टेकवला की वर जाड डोकं, मग ओढत खाली बारीक शेपूट, पण बाक उलटा. ट्रेडवेंची फुलं वाऱ्याच्या विरुद्ध झुकतात, असं फेरीवाले म्हणायला लागले आणि नेमकी तीच मागायला लागले. एकदा बाबांनी गंमत म्हणून तिला दाखवलं होतं. तबक गरकन फिरवलं, खालची बाजू वर केली, उजव्याच हातानं एक फटकारा मारला आणि पुन्हा सरळ केलं. "बघ, तबक उलटं केलं की मीही डावरा." ती इतकी हसली होती की मांडीवर लाल रंग सांडला. ही आठवण आज कुठून वर आली हे तिला कळेना. भुकटीची परडी फिसकटली आणि मुकादम चुकचुकला.

आणि मग एनॉस. थोरल्या बहिणीचा, जेरुशाचा नवरा. भट्टी त्याच्याकडे होती. डांबर, जवसाचं तेल आणि काजळी यांचं काळं रोगण पत्र्यावर चढवायचं आणि मंद भट्टीत दिवसभर भाजायचं, हे त्याचं काम. भाजून आलेल्या काळ्यावर फुलं काढायची हे लोव्हिसाचं. त्या उन्हाळ्यात गाड्या निघायची घाई होती, एनॉसनं माल अर्धा कच्चा बाहेर काढला. तिनं पाहिलं होतं. बोलली नाही, कारण भट्टीत नाक खुपसायचं नाही असा घरचा रिवाज होता. शरद लागला तसा माल परत यायला लागला. फुलं सोललेली. बाबांच्या कारखान्यात तबकांचा ढीग मधोमध, आणि ढिगाभोवती तिघं उभी. "रंगात तेल जास्त घालते ही," एनॉस म्हणाला होता, थंडपणे, जणू आज दही आंबट आहे असं सांगावं तसं. "किती वेळा सांगितलं. डावखुऱ्यांना मापच नसतं." ती म्हणाली होती, "बाबा, फुलाबरोबर काळंही निघालंय. बघा ना. तेलाचं असतं तर नुसतं फूल निघालं असतं." बाबांनी एक तबक उचललं, त्यावर अंगठा दाबला, अंगठ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "लोव्हिसा, तू काही दिवस हार्टफर्डला मावशीकडे जाऊन राहा." चोर सोडून संन्याशाला सुळी. जेरुशा तेव्हा दाराला टेकून उभी होती, पोटावर हात ठेवून.

जाण्यापूर्वी हातातला माल पुरा करून जा, असं तिला सांगण्यात आलं. हे सांगणंसुद्धा एनॉसचंच. तिनं पुरा केला. मेणबत्त्यांच्या साच्यात उरलेली मेंढीची चरबी फडक्याला लावायची, भाजलेल्या काळ्यावरून अलगद फिरवायची, एवढी अलगद की रंग बसेल पण धरणार नाही, आणि वर आयुष्यात काढली नव्हती इतकी सुंदर फुलं काढायची. प्रत्येकाची एक पाकळी गाळून. तिला आठवतं, त्या दिवसांत ती गुणगुणत होती. वर शेवटचं पारदर्शक रोगण बाबा स्वतः द्यायचे, पण बाबांची तिला भीती नव्हती. बाबांची नजर गेली होती. गेलीच असणार, नाहीतर काळं निघालेलं त्यांना दिसलं नसतं का? सगळा हिशेब या एका गोष्टीवर उभा होता. बाबा म्हातारे, बाबा फसले, एनॉसनं त्यांना फसवलं. म्हणून सूड एनॉसवर घ्यायचा आणि बाबांवर फक्त रुसायचं. दुसऱ्या वर्षी ते एकदा हार्टफर्डला आले होते. कारखान्याच्या फाटकाशी सफरचंदांची पिशवी घेऊन उभे. तिनं वरच्या खिडकीतून त्यांची टोपी पाहिली आणि खाली निरोप पाठवला की काम आहे. ते उभे राहिले, मग पिशवी फाटकाशी ठेवून गेले. सफरचंदं बाकीच्या बायकांनी खाल्ली. पुढच्या फेब्रुवारीत ते गेल्याचं कळलं, तेव्हा रस्त्यांवर बर्फ होतं, आणि बर्फ नसतं तरी ती गेली नसती.

संध्याकाळी जेवणानंतर बिडवेलबाई भांडी घासायला बसल्या, तेव्हा तिनं ते तबक पुसण्याच्या निमित्तानं मागून घेतलं आणि मागल्या दारापाशी, उजेड होता तिथं, जाऊन उभी राहिली. आधी अंगठा दाबला. काही नाही. नखानं खरवडलं; फूल दगडासारखं. मग तिनं डोळे मिटले आणि बोट फुलावरून फिरवलं, आंधळी माणसं चेहऱ्यावरून फिरवतात तसं. फटकाऱ्याला उंची असते. जिथं कुंचला टेकतो तिथं रंग जाड बसतो आणि जिथं उचलतो तिथं विरून जातो. बोट पाकळीच्या वरच्या टोकाशी गेलं. तिथं काहीच नव्हतं, नुसता गुळगुळीत काळा पत्रा. बोट खाली आणलं. खाली जाडसर उंचवटा लागला. दुसरी पाकळी. तीही तशीच. काठाची वेल, प्रत्येक पिवळा फटकारा, खाली डोकं, वर शेपूट. बाक तिचा, झुकाव तिचा, गाळलेली पाकळीसुद्धा तिचीच, पण प्रत्येक फटकारा तिनं जिथं संपवला असता तिथून सुरू झालेला. तिनं डोळे उघडले, तबक गरकन फिरवून उलटं धरलं, आणि तिच्या हातात एका उजव्या माणसाचं काम आलं. सरळ, सवयीचं, पोक्त. "काय झालं गं, डाग आहे का?" बिडवेलबाईंनी आतून विचारलं. ती म्हणाली, "नाही. स्वच्छ आहे."

त्या रात्री तिला झोप लागली नाही असं नाही. ती दगडासारखी झोपली आणि सकाळी उठली तेव्हा राग तिच्याआधी उठून बसलेला होता. फक्त त्याचं तोंड बदललं होतं. बाबांनी तिची चरबी ओळखली. रोगण द्यायला घेतलं असेल, अंगठा लागला असेल, फूल अंगठ्याबरोबर आलं असेल. मग त्यांनी सगळा माल पुसला, राखेच्या पाण्यानं धुतला आणि एकेक तबक उलटं मांडीवर घेऊन, तिच्या हाताची नक्कल करीत, पुन्हा रंगवला. इतके बारीक काठ, इतकी एकसारखी वेल. म्हणजे नजर गेली नव्हती. नजर घारीसारखी होती. मग ढिगाजवळ उभं राहून अंगठ्याकडे एवढा वेळ पाहिलं तेव्हा त्या नजरेला काय दिसलं होतं? ती पलंगावर बसून राहिली आणि एकोणीस वर्षांचा हिशेब तिच्या डोळ्यांदेखत उलटा झाला. ते फसले नव्हते. त्यांनी निवड केली होती. आणि तिनं आपला सगळा डूख, इतका जपलेला, इतका दूध पाजून वाढवलेला, चुकीच्या माणसाच्या दारात नेऊन सोडला होता. आता त्याला घेऊन जायचं कुठं? मेलेल्या माणसावर सूड कसा घ्यायचा? निदान त्यानं का केलं एवढं तरी कुणाच्या तोंडून ऐकायचं होतं. मर्विनबाईंना तिनं सांगितलं की वरचं रोगण काठाशी जरा मंदावलंय, आमचं घराणं याच धंद्यातलं, आठवड्यात एक हात देऊन आणते. मर्विनबाईंनी तबक फ्लॅनेलमध्ये गुंडाळून दिलं. "जपून हं. त्यांच्या हातचं माझ्याकडे एवढंच राहिलंय."

घोडागाडीनं तिला स्लेट हिलच्या चढाखाली उतरवलं. कारखाना तसाच होता, फक्त बुटका झाल्यासारखा. जेरुशा दारात उभी राहून, नजर वरून खाली नेत धाकट्या बहिणीकडे बघत राहिली. आता चांगलीच जाड झाली होती, केस पांढरे. "उगवलीस," ती म्हणाली. "बापाच्या मातीला आली नाहीस आणि आता गाठोडं घेऊन आलीस. आधी पाय पूस, आत्ताच झाडलंय." आत एनॉस भट्टीपाशी स्टुलावर बसला होता. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर दुधासारखी साय आली होती. इतकी वर्षं धूर खाऊन. "कोण आहे?" त्यानं विचारलं. जेरुशा म्हणाली, "तुमची मेहुणी. लोव्हिसा." त्यानं मान वळवली, आवाजाच्या थोडी बाजूला. "बस," तो म्हणाला. "खायचं असेल तर भोपळ्याचा गोड पाव आहे." या माणसाला पाहताच आपल्या अंगाचा तिळपापड होईल असं तिला नेहमी वाटलं होतं. झाला नाही, आणि त्याचाच तिला राग आला.

तिनं फ्लॅनेल सोडलं. "हे कुणी रंगवलं?"

जेरुशानं पाहिलं. "तूच. पाकळी खाल्लेली फुलं दुसऱ्या कुणाची असणार?"

"नीट बघ."

"मला नको शिकवूस. बाजारात हीच तर मागायचे लोक."

"इकडे दे," एनॉस म्हणाला. त्यानं तबक मांडीवर घेतलं आणि बोटं फिरवली. फार वेळ लागला नाही. "हे म्हाताऱ्याचं आहे. डोकं खाली, शेपूट वर. त्या हिवाळ्यातलं."

"कुठल्या हिवाळ्यातलं?"

"तू गेलीस त्या. दार लावून बसायचे. एकदा खिडकीतून बघितलं तर तबक उलटं मांडीवर, आणि नाक त्याला टेकलेलं. मी हिला म्हटलं, तुझ्या बापाचं डोकं फिरलं. विचारलं तर म्हणाले, लोव्हिसाचं काम अर्धं राहिलंय, ते पुरं करतोय." तो थांबला. "मला वाटलं, तू खरंच अर्धं टाकून गेलीस."

म्हणजे चरबीचं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. तिला ते नको होतं. तिला त्यांचं गप्प राहणं एखाद्या भिकेसारखं वाटलं, कुणी न मागता पदरात टाकलेल्या. ती म्हणाली, "आधीचा माल भट्टीतून तू लवकर काढलास, एनॉस." पूर्वी ती त्याला भाऊजी म्हणायची.

"हो," एनॉस म्हणाला.

एवढं सोपं होतं ते. एकोणीस वर्षं तिनं या एका शब्दाची निरनिराळी चित्रं रंगवली होती. त्यांत तो कधी गुडघ्यांवर होता, कधी मीटिंग-हाऊसमध्ये, रविवारच्या प्रार्थनेला, सगळ्या गावासमोर उभा होता. इथं तो स्टुलावर बसला होता आणि त्याच्या कोटाला पावाचा चुरा लागला होता. "मी त्यांना सांगितलं होतं," तो पुढे म्हणाला. "तू गेलीस त्याच आठवड्यात. रात्री झोप लागेना, म्हणून जाऊन सांगून टाकलं. तर म्हणाले, माहीत आहे. अंगठा लावला तेव्हाच कळलं."

"मग मला परत का नाही बोलावलं?"

एनॉसऐवजी जेरुशा बोलली. तिनं हातातलं फडकं पिळलं, ते कोरडं होतं तरी. "आमचं पहिलं पोटात होतं तेव्हा. खरं बाहेर पडलं असतं तर एकाही फेरीवाल्यानं यांच्या भट्टीतला माल उचलला नसता. हे गेले असते तर भट्टी कुणी सांभाळली असती, तू? बाबा म्हणाले, लोव्हिसाच्या हातात कसब आहे, ती कुठंही पोट भरेल. एनॉसला दुसरं काही येत नाही." मग जरा हलक्या आवाजात, "भरलंस ना पोट?"

"भरलं."

"मग झालं तर," जेरुशा म्हणाली, आणि कोंबड्यांना दाणे टाकायला परसात गेली. तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत लोव्हिसा बघत राहिली.

झालं तर. त्यांनी दोन मुलींना तराजूत घातलं, आणि जिला हात होता ती हलकी भरली. आवडती म्हणून नव्हे, नावडती म्हणूनही नव्हे, टिकाऊ म्हणून. टिकाऊ भांडं माणूस बिनधास्त आपटतो. आणि मग हिवाळाभर नाक तबकाला टेकवून बसले, तिच्या हातानं फुलं काढत. कशासाठी? माल खपावा म्हणून? तिचं पाप झाकावं म्हणून? की त्यांचं स्वतःचं? फाटकाशी सफरचंदं घेऊन उभे होते तेव्हा हेच सांगायला आले होते का? असतील. नसतीलही. पण सांगायला तोंड होतं, लिहायला बोटं होती, आणि त्यांनी काय केलं, तर फेरीवाल्याच्या गाडीत माफी भरून ती अनोळखी बायकांना विकली. ही कसली माफी? जिची मागायची तिला सोडून सगळ्या मुलखाच्या चहाखाली फिरत राहिली ती.  तिनं एनॉसच्या मांडीवरून तबक उचललं. भट्टी पेटलेली होती. आत काहीच नव्हतं, तो नुसता ऊब घेत बसला होता. तिनं लोखंडी दार उघडलं, तबक आत सरकवलं, खालच्या जाळात ओकाची चांगली चार लाकडं कोंबली आणि दार लावलं.

एनॉसचं नाक आधी वर झालं. "काय घातलंस आत?"

"तबक."

"एवढ्या जाळावर? अगं, फुलं करपतील." वास यायला लागला होता. आधी तेलाचा, गोडसर, तिच्या सगळ्या बालपणाचा, मग कडू. एनॉस उठला, चाचपडत पुढे आला, त्याच्या हाताला तिचा खांदा लागला. ती दाराला पाठ लावून उभी होती. लोखंड लोकरीच्या कपड्यातून पाठीला चटके देत होतं आणि तिला ते हवं होतं. "जळतंय ते, लोव्हिसा. बाहेर काढ."

"नाही," ती म्हणाली. "या वेळी नीट भाजू दे."

त्याचा हात तिच्या खांद्यावरून खाली पडला. तो परत स्टुलापाशी गेला, पण बसला नाही. दोन्ही हातांनी स्टूल धरून उभा राहिला आणि त्याच्या त्या दुधाळ डोळ्यांतून पाणी यायला लागलं. धुरानं असेल. तिनं त्याच्याकडे पोटभर पाहिलं. एवढी वर्षं भुकेलेली होती, तेवढ्यानं पोट भरलंसुद्धा. वास संपेपर्यंत ते दोघं तसेच उभे राहिले. चिमट्यानं तिनं तबक बाहेर ओढलं तेव्हा काळं फोडांनी भरलं होतं आणि फुलांच्या जागी राखाडी पापुद्रे होते. तिनं फुंकर मारली, ते उडाले. हे तबक तिला एकोणीस वर्षं पाहायचं होतं. हुबेहूब असंच.

मर्विनबाई तिला मग आठवल्या. नवऱ्याच्या हातचं त्यांच्याकडे एवढंच राहिलं होतं. आपण दुसऱ्याची वस्तू जाळली. एनॉसला जणू ते ऐकू गेलं. "वरच्या फळीवर कोरी आहेत," तो म्हणाला. "त्याच मापाची. माझ्याच हातची, पण भाजलेली नीट आहेत. अंगठा लावून बघ हवं तर." तिनं लावला. ठसा उमटला नाही.

ती खिडकीजवळच्या बाकावर बसली. बाकाला तिच्या कोपराचा खळगा तसाच होता. मर्विनबाईंना तेच तबक परत द्यायचं होतं, आणि ते तबक म्हणजे खाली डोकं, वर शेपूट. मर्विनबाईंना ते कधी कळलं नसतं, पण आता हट्ट मर्विनबाईंसाठी नव्हताच. तिनं कोरं तबक फिरवून उलटं मांडीवर घेतलं, बाबांनी घेतलं तसं, नाक जवळ नेलं आणि लाल रंगात कुंचला बुडवला. डावा हात अडला. उलट्या तबकावर तो बाक डाव्या हाताला येईना. फटकारा मध्येच मोडायचा, डोकं फाटायचं. पुसून पुन्हा. पुन्हा पुसून. तिनं कुंचला उजव्या हातात घेतला. तो हात, ज्याला मास्तरांनी लिहायला लावलं होतं आणि बाबांनी ज्याची कधी सक्ती केली नाही, लहान मुलासारखा भरकटला, आणि पाकळीच्या जागी एक लाल किडा उमटला. संध्याकाळ झाली, जेरुशानं दिवा आणून ठेवला. दुसऱ्या दिवशीही ती तिथंच बसली होती. बाबांना हे किती दिवसांत जमलं असेल? किती तबकं पुसावी लागली असतील? का एवढं? ज्यानं हिवाळाभर बसून हे शिकून घेतलं, त्याला एकच वाक्य बोलता आलं नाही, आणि ते वाक्य त्यानं जिथं लिहून ठेवलं होतं ते तिनं काल या हातांनी भाजून फुंकून टाकलं. जे जाळलं ते पुन्हा काढता येईना. तिला रडू आलं नाही. तिला स्वतःचा राग आला, आणि तोही जुन्या सवयीनं कुणाच्या तरी अंगावर टाकायला ती इकडेतिकडे पाहू लागली, तर खोलीत कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिनं तबक सरळ केलं, कुंचला डाव्या हातात घेतला आणि फुलं काढली. वर डोकं, खाली शेपूट. तीन फुलं, प्रत्येकाची एक पाकळी कमी. हात विसरला नव्हता. एनॉसनं सुकवायला ठेवलं, वर रोगण चढवलं, पुन्हा मंद भट्टीत घातलं आणि दिवसभर भट्टीपासून हलला नाही.

"अगदी तश्शी," हार्टफर्डला परतल्यावर मर्विनबाई म्हणाल्या. तबक छातीशी धरून त्यांनी फुलांवरून तळवा फिरवला. "किती उजळलीत हो. ते असते तर म्हणाले असते, नवंच आणलंस." बिडवेलबाईंनी त्याच्यावर मक्याच्या वड्या मांडल्या आणि मधोमध उकळती किटली ठेवली. लोव्हिसानं बोट हळूच काठाशी नेलं. वर जाड, खाली बारीक. सगळी फुलं तिची होती.

"मर्विनबाई," ती म्हणाली, "असं तबक आणखी कुणाकडे पाहिलंत का कधी? एक पाकळी कमी असलेलं?"

"नाही बाई. का गं?"

"सहज," ती म्हणाली, आणि वडी उचलली. कारखान्याकडे जाताना वाटेत एका घराचं स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. ती थांबली, आणि वाकून फडताळावरची तबकं बघू लागली; बोडकं नव्हे, बाबांचं एखादं फूल दिसतंय का ते.